'अँड'च्या दोन्ही बाजू सारख्या का लागतात? इंग्रजी वाक्यातली चटकन न दिसणारी एक चूक

स्टाफ सिलेक्शन घ्या, बँक घ्या, इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, वाक्याचे तीन-चार तुकडे पाडून देतात आणि विचारतात चूक कुठल्या तुकड्यात आहे. समजा वाक्य आलं, 'माय अंकल ग्रोज बनानाज, सेल्स देम इन रावेर, अँड ही इज ऑल्सो रनिंग अ शॉप.' आता पोरगं काय करतं, पहिला तुकडा बघतं, 'अंकल ग्रोज', एस लागलाय, बरोबर. दुसरा बघतं, 'सेल्स देम', तेही बरोबर. तिसरा, 'ही इज रनिंग', टेन्स बरोबर, स्पेलिंग बरोबर, आर्टिकल पण आहे. मग सरळ 'नो एरर'वर टिक करून पुढे जातं आणि मार्क जातो. सीजीएल, म्हणजे स्टाफ सिलेक्शनची पदवीधरांसाठीची परीक्षा, तिच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, आणि उत्तर चुकलं तर अर्धा मार्क वरून कापतात, म्हणजे एका प्रश्नाला अडीच मार्कांचा फरक पडतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अभ्यासिकांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारी पोरं-पोरी टेन्स पाठ करतात, हजार-दोन हजार शब्द पाठ करतात, आणि नेमकी हीच चूक त्यांना दिसत नाही. मग वाटायला लागतं की इंग्रजी आपल्याला जमणारच नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ही गोष्ट अवघड नाहीच, फक्त ती टेन्ससारखी एका शब्दात सापडत नाही. एकेक तुकडा वेगळा काढून तपासला तर तिन्ही बरोबर निघतात, चूक आहे ती त्यांच्या जोडणीत.

या जोडणीच्या नियमाला इंग्रजीत पॅरलेलिझम म्हणतात, आणि जोडणी बिघडली की फॉल्टी पॅरलेलिझम. एवढे दोन शब्द लक्षात ठेवा कारण परीक्षेच्या पुस्तकात तेच छापलेले असतात, इथून पुढे मी साधं 'जोडी' म्हणतो.

जोडी म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे कपाशीत वखर घालायचा असेल तर जू एकच असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे, सारख्या चालीचे बैल लागतात. एका बाजूला बैल अन दुसऱ्या बाजूला गोऱ्हा जुंपला तर वखर चालतो, नाही असं नाही, पण तास वाकडं जातं. इंग्रजी वाक्यात 'अँड', 'ऑर', 'बट' हे शब्द म्हणजे जू. त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला जे काही जुंपलंय ते एकाच जातीचं पाहिजे. नाम असेल तर समोर नाम, 'टू' लावलेलं क्रियापद असेल तर समोर तसंच, 'आयएनजी'वालं असेल तर आयएनजीवालं, आणि एका बाजूला अख्खं वाक्य असेल तर दुसऱ्या बाजूला पण अख्खं वाक्य.

वरचं वाक्य परत बघा. 'ग्रोज' एक, 'सेल्स' दोन, आणि तिसऱ्या जागी 'ही इज रनिंग' म्हणजे स्वतःचा कर्ता घेऊन आलेलं पूर्ण वाक्य. दुरुस्ती अगदी छोटी आहे: 'माय अंकल ग्रोज बनानाज, सेल्स देम इन रावेर, अँड रन्स अ शॉप.' ग्रोज, सेल्स, रन्स. मोठ्याने वाचून बघा, फरक कानाला लगेच कळतो.

आणि हा कान आपल्याकडे आधीपासून आहे बरं का. 'गरज सरो, वैद्य मरो' यात दोन्हीकडे दोन शब्द, दोन्हीकडे आधी नाव मग क्रियापद. म्हणूनच ती म्हण पिढ्यानपिढ्या तोंडात बसलीय. इंग्रजीतलं 'नो पेन, नो गेन' त्याच साच्यातलं. लिंकननी १९ नोव्हेंबर १८६३ला गेटिसबर्गला जे भाषण केलं त्यातलं 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल' आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकामुळे सगळ्यांना पाठ आहे. तिथे एक गोष्ट नीट बघा, 'ऑफ', 'बाय', 'फॉर' हे तीन वेगळे शब्द आहेत तरी जोडी जुळते, कारण तिन्ही प्रिपोझिशन आहेत आणि प्रत्येकाच्या पुढे 'द पीपल' आहे. सारखं असायला पाहिजे ते शब्दाचं काम आणि बांधणी, शब्द तोच पाहिजे असं नाही.

शोधायचं कसं

बहुतेक लोक वाक्य डावीकडून वाचत जातात आणि काहीतरी खटकेल म्हणून वाट बघतात. तसं करू नका. आधी जू शोधा, म्हणजे 'अँड', 'ऑर', 'बट', आणि तुलना असेल तर 'दॅन'. मग त्याच्या लगेच उजवीकडचा शब्द कोणत्या जातीचा आहे ते बघा. आता त्याच जातीचा शब्द डावीकडे शोधत मागे या. सापडला की स्वतःला विचारा, मला हेच दोन जोडायचे होते का? सापडलाच नाही तर चूक तिथेच आहे. यादी असेल, तीन-चार गोष्टींची, तर पेन्सिलीने प्रत्येकीच्या पहिल्या शब्दाखाली रेघ मारा आणि फक्त रेघा मारलेले शब्द खाली उतरवून वाचा. माझ्या मते याच्या पलीकडे कुठलीही ट्रिक लागत नाही, क्लासवाले दहा ट्रिका सांगतात त्या सगळ्या यातच येतात.

आपण मराठी माणसं इथे का अडखळतो

मराठीत 'आवडतं' या एका शब्दाला आपण काहीही जोडतो. वाचन आवडतं, वाचणं आवडतं, वाचायला आवडतं, तिन्ही चालतात, आणि बोलताना 'मला क्रिकेट, गाणी ऐकणं आणि फिरायला आवडतं' असं सर्रास म्हणतो, कोणी टोकत नाही. क्रियापद शेवटी येतं आणि सगळं सांभाळून घेतं. इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि यादी त्याच्या मागून येते, मग पहिली वस्तू ज्या रूपात आली त्याच रूपात पुढच्या येतील अशी वाचणाऱ्याची अपेक्षा तयार होते. म्हणून 'आय लाइक क्रिकेट, लिसनिंग टू साँग्ज अँड टू ट्रॅव्हल' हे वाकडं, आणि 'आय लाइक प्लेइंग क्रिकेट, लिसनिंग टू साँग्ज अँड ट्रॅव्हलिंग' हे सरळ.

दुसरी सवय 'ऊन' प्रत्ययाची. 'दादा पहाटे उठून, म्हशीचं दूध काढून, डेअरीला घालून कॉलेजला गेला.' किती सुंदर वाक्य आहे, एका दमात चार कामं. पण याचं इंग्रजी करताना पोरं 'दादा वोक अप अर्ली, मिल्क्ड द बफेलो, टेकिंग द मिल्क टू द डेअरी अँड वेंट टू कॉलेज' असं लिहितात, कारण 'घालून' शब्दाला काहीतरी वेगळं रूप द्यावं असं वाटत राहतं. इंग्रजीत एकामागून एक झालेली चार कामं सांगायची तर चारही सारखीच: 'वोक अप', 'मिल्क्ड', 'टुक', 'वेंट'.

आणि तिसरी सवय, जिच्याकडे कोणी लक्षच देत नाही, ती 'की'ची. 'साहेब म्हणाले की फॉर्म अपुरा आहे, उद्या या.' मराठीत 'की'च्या पुढे आपण समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवतो, त्यात आधी विधान येतं मग हुकूम येतो, काही बिघडत नाही. तेच इंग्रजीत 'द ऑफिसर सेड दॅट द फॉर्म वॉज इनकम्प्लीट अँड टू कम टुमॉरो' असं उतरतं आणि जोडी मोडते, कारण 'दॅट'च्या पुढे पूर्ण वाक्य आहे आणि 'अँड'च्या पुढे नुसतं 'टू कम'. बरोबर असं: 'द ऑफिसर सेड दॅट द फॉर्म वॉज इनकम्प्लीट अँड दॅट आय शुड कम द नेक्स्ट डे.' म्हणजे 'दॅट'ला 'दॅट'. ऑफिसच्या ईमेलमध्ये, मीटिंगमध्ये काय ठरलं हे लिहिताना ही चूक खूप होते. तुम्ही नोकरी करत असाल तर परीक्षेपेक्षा इथेच जास्त कामाला येईल.

जोडीने येणारे शब्द

'आयदर'सोबत 'ऑर', 'नीदर'सोबत 'नॉर', 'बोथ'सोबत 'अँड', 'नॉट ओन्ली'सोबत 'बट ऑल्सो'. ही मंडळी जोडीनेच येतात एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ती वाक्यात कुठे बसवायची इथे गडबड होते.

'ही नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो अहिराणी.' आता 'नॉट ओन्ली'च्या लगेच पुढे काय आहे? 'स्पीक्स', क्रियापद. 'बट ऑल्सो'च्या पुढे? 'अहिराणी', नाम. जुळलं नाही. 'नॉट ओन्ली' एक घर पुढे सरकवा: 'ही स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो अहिराणी.' झालं. किंवा क्रियापदच दोन्हीकडे ठेवायचं असेल तर 'ही नॉट ओन्ली स्पीक्स अहिराणी बट ऑल्सो राइट्स इट', म्हणजे अहिराणी नुसती बोलत नाही, लिहितो पण. दोन्ही वाक्यं बरोबर, अर्थ मात्र वेगवेगळे.

तसंच 'बोथ इन चोपडा अँड शिरपूर' चूक, 'इन बोथ चोपडा अँड शिरपूर' बरोबर, आणि 'बोथ इन चोपडा अँड इन शिरपूर' हेही बरोबर. पहिल्या शब्दाच्या पुढे जे ठेवलं तेच दुसऱ्याच्या पुढे ठेवायचं, बस.

एकच शब्द सगळ्यांना वाटून घेताना

यादीत 'टू', 'इन', 'ऑफ' असा एखादा छोटा शब्द सगळ्यांना लागू असेल तर दोनच मार्ग आहेत, एकतर तो सुरुवातीला एकदा लिहा आणि सगळ्यांनी तो वाटून घ्यावा, नाहीतर प्रत्येकाच्या आधी लिहा. दोघांना दिला अन तिसऱ्याला नाही, असं करायचं नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी उद्देशिकेत आहे, जी २६ नोव्हेंबर १९४९ला स्वीकारली. त्यात लिहिलंय 'लिबर्टी ऑफ थॉट, एक्सप्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप'. एकच 'ऑफ', पाच शब्दांनी वाटून घेतलेला. आणि लगेच पुढच्या ओळीत 'इक्वॅलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी', इथे 'ऑफ' दोनदा. दोन्ही मार्ग एकाखाली एक, आणि दोन्ही शुद्ध. मला तर त्या दुसऱ्या 'ऑफ'मुळे दर्जाची समानता वेगळी आणि संधीची समानता वेगळी, दोन्ही स्वतंत्रपणे मिळायला हव्यात असं वजन आल्यासारखं वाटतं. शाळेच्या भिंतीवर उद्देशिका इंग्रजीत लावलेली दिसली तर या दोन ओळी थांबून वाचा.

वाटून घेताना आणखी एक भानगड होते. 'आय ॲम इंटरेस्टेड अँड फॉन्ड ऑफ क्रिकेट' यात 'ऑफ' हा 'फॉन्ड'चा आहे, 'इंटरेस्टेड'ला 'इन' लागतो, तो कुठे गेला? 'इंटरेस्टेड इन अँड फॉन्ड ऑफ क्रिकेट' असं पाहिजे. वाटून घेतलेला शब्द प्रत्येकाला एकेकट्याने लावून बघायचा, ज्याला बसत नाही त्याला त्याचा स्वतःचा द्यायचा.

तुलना करताना

'द समर ऑफ जळगाव इज हॉटर दॅन पुणे.' मे महिन्यात जो जळगावला राहिलाय तो म्हणेल यात काय चूक, खरंच आहे की! पण इंग्रजीत हे वाक्य जळगावच्या उन्हाळ्याची तुलना पुणे शहराशी करतंय. उन्हाळ्याची जोडी उन्हाळ्याशी पाहिजे: 'द समर ऑफ जळगाव इज हॉटर दॅन दॅट ऑफ पुणे.' मराठीत आपण 'जळगावचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक' असं बिनधास्त म्हणतो, म्हणून हे सुटतं. परीक्षेत हा प्रश्न शहरांची नावं बदलून बदलून येतो.

समोरच्याला कळलं ना, मग काय बिघडलं?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. बोलताना खरंच फारसं बिघडत नाही, ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते लोक पण बोलताना जोड्या मोडतात, आवाजाच्या चढउतारावरून कळून जातं. लिहिताना मात्र कधी कधी अर्थच फिरतो.

डॉक्टरांनी आबांना सांगितलं, गोड खाणं बंद करा आणि सकाळी चालायला जात जा. नातवाने परगावच्या डॉक्टरला दाखवायला म्हणून इंग्रजीत लिहून ठेवलं, 'द डॉक्टर टोल्ड आबा टू स्टॉप ईटिंग स्वीट्स अँड वॉकिंग इन द मॉर्निंग.' आता आपली पद्धत लावा. 'अँड'च्या उजवीकडे 'वॉकिंग'. डावीकडे त्याच जातीचं काय सापडतं? 'ईटिंग'. आणि 'ईटिंग' कशाच्या ताब्यात आहे? 'स्टॉप'च्या. म्हणजे वाचणाऱ्याला कळलं काय, तर आबांनी गोड पण बंद करायचं आणि चालणं पण बंद करायचं! व्याकरणाने वाक्य एकदम शुद्ध आहे, जोडी पण जुळलीय, फक्त चुकीच्या दोन गोष्टी जुंपल्या गेल्यात. पाहिजे होतं 'टू स्टॉप ईटिंग स्वीट्स अँड टू वॉक इन द मॉर्निंग'. इथे 'स्टॉप'ला जोड 'वॉक'ची मिळाली. शुगरच्या पेशंटच्या बाबतीत हा फरक लहान नाही.

यावरूनच पुढच्या शंकेचं उत्तर मिळतं की मोबाईलमधलं ॲप सगळं दुरुस्त करून देतं मग आपण कशाला शिकायचं. ॲप पुष्कळ चुका पकडतं, वापरा, काही हरकत नाही. पण आबांच्या वाक्यात व्याकरणाची चूकच नाही तर ते कशाला अडवेल? डॉक्टर काय बोलले ते नातवाला माहीत होतं, ॲपला नाही.

मग सगळ्यांना आयएनजी लावलं की झालं?

नाही, आणि हा शॉर्टकट शिकवणं बंद व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. 'शी वॉज स्मायलिंग, वेव्हिंग अँड चार्मिंग' यात तिन्हींना आयएनजी आहे, तरी जोडी मोडलेली आहे, कारण हसणं आणि हात हलवणं ही तिची चाललेली कामं आणि 'चार्मिंग' हा गुण. उलट 'द वर्कर्स वेअर टायर्ड अँड हंग्री' यात शेवट वेगवेगळे, पण दोन्ही शब्द माणसांची अवस्थाच सांगतात, म्हणून बरोबर. 'शी वॉज बॉर्न इन शिरपूर अँड नाऊ वर्क्स इन पुणे' यात टेन्स वेगळे आहेत, तेही बरोबर, कारण जन्म तेव्हा झाला आणि नोकरी आता आहे. टेन्स अर्थाप्रमाणे बदलतो, जोडीला त्याचं वावडं नाही.

आणि काही वेळा रूप बदलून काहीच होत नाही, जूच काढावं लागतं. नोकरीच्या अर्जात एक ओळ अनेकदा दिसते, 'आय नो टॅली, एक्सेल अँड हार्डवर्किंग.' टॅली येतं, एक्सेल येतं, पण 'हार्डवर्किंग येतं' असं कसं म्हणणार? इथे आयएनजी, टू, काही लावा, जुळणार नाही, कारण मुळात दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्यात. सरळ तोडा: 'आय नो टॅली अँड एक्सेल, अँड आय वर्क हार्ड.' त्याच अर्जात खाली 'माय ड्युटीज वेअर टू चेक द स्टॉक, प्रिपेअरिंग बिल्स अँड कस्टमर हँडलिंग' असं असतं. डाळ मिलमध्ये दोन-तीन वर्षं इमानदारीने काम केलेल्या पोराची ही ओळ असते, काम तिन्ही केलेलं असतं, पण वाचणाऱ्याला ते विस्कळीत दिसतं. 'टू चेक द स्टॉक, प्रिपेअर बिल्स अँड हँडल कस्टमर्स' केलं की तेच काम नेटकं दिसतं. अर्ज वाचणारा माणूस घाईत असतो, त्याला थांबून अर्थ लावायला लावू नका.

सगळं सारखंच लिहिलं तर कंटाळवाणं नाही का होणार, असंही कोणी विचारतं. सारखं ठेवायचं ते बांधणीचं रूप. लांबी बदलायला पूर्ण मोकळीक आहे, शेवटची बाजू लांब ठेवली तर उलट वाक्याला जोर येतो.

थोडं करून बघा

'द टीचर आस्क्ड अस टू रीड द लेसन, टू अंडरलाइन हार्ड वर्ड्स अँड राइट देम डाऊन.' दोघांना 'टू' आणि तिसऱ्याला नाही. तिसऱ्याला द्या किंवा दुसऱ्याचा काढा.

'द कॉटन ऑफ धिस इयर इज बेटर दॅन लास्ट इयर.' कपाशीची तुलना वर्षाशी झाली. 'धिस इयर्स कॉटन इज बेटर दॅन लास्ट इयर्स.'

'ही हॅज ऑल्वेज अँड विल ऑल्वेज सपोर्ट हिज सिस्टर.' 'विल'ला 'सपोर्ट' बसतं, 'हॅज'ला बसत नाही. 'ही हॅज ऑल्वेज सपोर्टेड अँड विल ऑल्वेज सपोर्ट हिज सिस्टर.'

'नीदर द बस केम नॉर द ऑटो.' 'नीदर'च्या पुढे अख्खं वाक्य, 'नॉर'च्या पुढे नुसतं नाम. 'नीदर द बस नॉर द ऑटो केम.'

'द ट्रेन लेफ्ट भुसावळ लेट बट रीच्ड मुंबई ऑन टाइम.' 'बट'च्या उजवीकडे 'रीच्ड', डावीकडे 'लेफ्ट', जोडी जुळली. 'लेट' एक शब्द आणि 'ऑन टाइम' दोन शब्द, पण दोन्ही वेळेबद्दलच सांगतात. याचं उत्तर 'नो एरर'.